फळीवरचा कागद

दिवाळीच्या आवराआवरीत आई स्वयंपाकघरातल्या फळ्यांवरचे कागद बदलते. वरच्या फळीपर्यंत तिचा हात पोचत नाही, म्हणून तिथला कागद वर्षानुवर्षं तसाच होता; यंदा डबे मी उतरवले. खालून तेलानं पिवळा पडलेला जुना पेपर निघाला. त्यात आमच्या, तेव्हा विशीत असलेल्या, मिलेनियल पिढीवर अर्धं पान होतं. मथळा, 'यांना जबाबदारी नको!' आणि खाली मोबाइल कानाला लावून हसणारी एक अनोळखी मुलगी.

तेव्हा आम्ही असेच छापून यायचो. चंगळखोर, उतावळे, कुठेच न टिकणारे. फोटोतल्या या मुलीला तर छापताना कुणी विचारलंही नसेल. आता चाळिशीची असेल बिचारी, आणि कुणाकुणाच्या डब्यांखाली अजून तशीच बेजबाबदार.

आईनं फोटो निरखून पाहिला. "आईशी बोलत असेल गं," ती म्हणाली. "तू नाही का, नोकरीला लागल्यावर रोज जेवताना फोन करायचीस?"

हे त्या वेळी कुणी छापलं नाही.

मी अंथरायला कालचा पेपर घेतला. त्यातही मोबाइलवर हसणारी एक मुलगी होती, विशीतली. वर लिहिलं होतं, 'या पिढीला झालंय तरी काय?'

डाळीचा जड डबा मी मुद्दाम त्या मथळ्यावर ठेवला. तेवढंच माझ्या हातात होतं.