एका गच्चीवर तीन झेंडे

निवडणुकीच्या धामधुमीत नागपूरला जाऊ नकोस, असं घरच्यांनी बजावलं होतं. पण मामींच्या हृदयाचं ऑपरेशन अडलंय हे कळल्यावर राहवलं नाही. स्टेशनबाहेर तर्री-पोहे (पोह्यांवर हरभऱ्याचा जाळ रस्सा) खाल्ले, नाकाडोळ्यांतून पाणी गाळलं आणि ऑटोनं नंदनवन गाठलं.

मामांच्या गच्चीवर तीन पक्षांचे तीन झेंडे फडकत होते. मामा मूळचे उमरेडचे विणकर. माग बंद पडला तेव्हा इथल्या पुढाऱ्यानं, भाऊंनी, त्यांना शाळेत चौकीदारी मिळवून दिली. तेव्हापासून मामांचं मत भाऊंना आणि मामांची दुखणीखुपणी भाऊंच्या हवाली. एका फोनवर दवाखान्यात खाट मिळायची. भाऊ वारले, आणि दोन मुलगे नि जावई यांनी पक्षाचे तीन तुकडे केले. आता तिघेही याच प्रभागात एकमेकांविरुद्ध उभे.

"तीन झेंडे कशाला, मामा?"

"एकाचा लावला तं बाकीचे दोघं रुसतात गा. आपल्याले तं तिघंही भाऊचेच."

मामी पलंगावर बसूनच धापा टाकत होत्या. सरकारी दवाखाना तारखा पुढं ढकलत होता. मामांना अजूनही भाऊंच्या घरातून फोन जाईल अशी आशा होती. मी सोबत निघालो.

धरमपेठेतल्या थोरल्याच्या कार्यालयात गारवा होता, चहाही आला. कार्यकर्त्यानं मोबाइलवर मामांच्या गच्चीचा फोटो पुढं केला. "काका, तुमच्या घरावर तं सगळ्याइचे झेंडे दिसून राहिले. दुसऱ्याइले सांगा ना!"

धाकट्याकडं तोच फोटो, तेच उत्तर. तिथं चहा नव्हता.

जावई स्वतः भेटले. "घरात मतं किती?"

"दोन," मामा म्हणाले. "ऑपरेशन नाही झालं तं एकच."

जावयांनी 'पाहतो' म्हणून पुढच्या माणसाला हाक मारली. माझं डोकं भणाणून गेलं. मामा मात्र जिना उतरताना त्यांचीच बाजू घेत होते. "निवडणुकीचं टेन्शन आहे गा त्याइले."

दोन दिवसांनी मी परतलो. गाडीत मन काही रमेना. खाट हक्काची, ती मागायला कुणाच्या दारी का जायचं, यावरून मी पूर्वी मामांशी तावातावानं भांडलो होतो. अजूनही माझं तेच मत आहे. पण भाऊंबरोबर तो फोनही संपला आणि त्या जागी हक्क काही आला नाही. मामांनी करायचं तरी काय?

मतदानाच्या संध्याकाळी मामांचा फोन आला. आवाज थकलेला होता.

"तिघाइनंही ऑटो पाठवले होते गा, तुह्या मामीले न्यायले."

मी हरखून विचारलं, "दवाखान्यात?"

"नाही गा. मतदानाले."