आईचा उजवा खांदा

हे लिहावं की नाही, यात तीन महिने गेले. इथले लोकांचे गूढ अनुभव मी वाचते, पण खरं सांगायचं तर आजवर करमणूक म्हणूनच वाचले. आमचं घर बौद्ध. वडील परळीच्या थर्मल वीजकेंद्रात नोकरीला होते आणि भरपूर वाचणारे. घरात कधी कुणाच्या अंगात आलं नाही, कुणी दृष्ट काढली नाही. लहानपणी मी अंधाराला घाबरले की ते म्हणायचे, "भूत दिसलं तर मला उठव. मला बी बघायचंय." त्यामुळे पुढचं वाचून कुणी 'योगायोग' म्हणालं तर मला राग येणार नाही. मीही बरेच दिवस तेच म्हणत होते.

मी बीडला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. वय चौतीस, लग्नाला सात वर्षं, मूल नाही. माझ्या आणि विनोदच्या — म्हणजे माझ्या नवऱ्याच्या — बाकीच्या तपासण्या झाल्या होत्या, सगळं ठीक होतं. राहिली होती ती नळ्यांची सोनोग्राफी. गर्भाशयात बारीक नळी घालून हवेचे बुडबुडे मिसळलेलं सलाईन सोडतात आणि ते दोन्ही बाजूंच्या बीजनलिकांतून पलीकडे पोटात उतरतं का, ते स्क्रीनवर बघतात. उतरलं तर वाट मोकळी. नाही उतरलं तर बंद.

पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी माझ्या पोटावरच्या जुन्या व्रणावर बोट ठेवलं होतं. "हे कधीचं?"

"अकरा वर्षांची होते. अपेंडिक्स."

"फुटलं होतं?"

"हो."

त्यांनी ते फाईलमध्ये लिहून घेतलं. मग म्हणाल्या, की आत पू पसरला असेल तर पुढे नळ्या चिकटून बंद होऊ शकतात. नक्की काही सांगता येत नाही, बघावं लागेल.

ते अपेंडिक्स का फुटलं, हे मला माहीत होतं. पोट दुखायला लागलं तेव्हा वडील शिफ्टला होते. आईला वाटलं बेंबी सरकली. बेंबी सरकली की तेल लावून पोट चोळायचं, हा तेव्हा आमच्या आळीतला घरोघरचा इलाज. शेजारच्या कौसाबाईंनी मला सतरंजीवर आडवं करून दोन दिवस चोळलं. तिसऱ्या दिवशी वडिलांनी अंबाजोगाईला नेलं, तेव्हा ते आत फुटलेलं होतं. मी वाचले. वडील आईला एका शब्दाने बोलले नाहीत. पण त्यानंतर तेवीस वर्षं आईने माझ्या पोटाचा विषय काढला नाही. कधीच नाही. मी पोट दुखतं म्हटलं तर ती उठून दुसऱ्या खोलीत जायची आणि वडिलांना पाठवायची.

म्हणून तपासणीचं तिला सांगायचं नाही, हे मी ठरवलं. नळ्या बंद निघाल्या तर ते तिला कळता कामा नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. वडील जाऊन चार वर्षं झाली होती. आई परळीला दादा-वहिनींकडे अंथरुणावर होती. दोन वर्षांपूर्वी उजव्या अंगावरून वारं गेलेलं — उजवा हात, उजवा पाय, काहीच नाही. टाचणी टोचली तरी कळत नसे. बोलणं जड झालं होतं, दिवसभरात दहा-बारा शब्द. मी दादा-वहिनींनाही काही सांगितलं नाही. फक्त विनोदला माहीत होतं.

तो मंगळवार होता. पाळीचा आठवा दिवस. टेबलावर मला झोपवलं तेव्हा समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात साडेअकराला पाच कमी होते. सिस्टर म्हणाल्या, "ताई, एवढं अंग कावून आवळायलाव? आम्ही काय खाणार न्हाई तुमाला." डॉक्टर हसल्या. मलाही हसू आलं. मग दुखलं. पाळीच्या वेळी दुखतं तसं, पण एकदम आणि जास्त. मी घड्याळाकडे बघत राहिले. अकरा पस्तीस.

"डावी बंद आहे," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी प्रोब फिरवला, पुन्हा थोडं सलाईन सोडलं. "उजवीतूनही काही पुढे जाताना दिसत नाही..." बराच वेळ त्या स्क्रीनकडे बघत होत्या. मीही बघत होते, पण मला त्यातलं काय कळणार.

नंतर खुर्चीत बसवून त्यांनी नीट समजावलं. कधी कधी पेशंट घाबरते आणि नळी आवळली जाते, त्यामुळे उघडी असून बंद दिसते. म्हणून दोन महिन्यांनी परत करू. तेव्हाही असंच दिसलं, तर मग टेस्ट ट्यूबशिवाय मार्ग नाही. आणि उठता उठता म्हणाल्या, "आज संध्याकाळपर्यंत उजवा खांदा दुखला तर घाबरू नका. हवा नळीतून पोटात उतरली की वर छातीखालच्या पडद्याशी जाते, आणि ती कळ खांद्यात जाणवते. दुखला तर उलट बरंच म्हणायचं. ही गोळी ठेवा."

मी घरी येऊन पडले आणि खांदा दुखण्याची वाट बघत राहिले. असली वाट मी आयुष्यात बघितली नव्हती. विनोद दर अर्ध्या तासाने दारात यायचा. "काही?" "नाही." शेवटी म्हणाला, "मी दाबून देतो, मग दुखेल." खांदा दुखला नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

दोन वाजता वहिनीचा फोन आला.

"ताई, कामात हाव का? आईचा खांदा लई दुखायलाय. उजवा."

"उजवा?"

"मी बी तेच म्हणले. उजवाच. फिजिओवाले सर पाय हलवायलते, हाताला हात बी लावला न्हवता, अन् आई वरडल्या. सरांनी टाचणी टोचून बघितली, तर टाचणी कळंना! अन् दुखायलाय तर म्हणायल्या."

"किती वाजता?"

"सर साडेअकराला येतेत. आल्या आल्याच की. कावून?"

मी "सहज" म्हणाले. वहिनी म्हणाली, "पोटातून वर यायलंय म्हणतेत. पोटातून वर अन् खांद्यात बसायलंय. दोन वर्षांत एवढं बोलल्या न्हाईत. घ्या, तुमालाच मागायल्यात."

मग आईचा आवाज. जड, अडखळत. "नंदे."

"बोल, आई."

"पोट... दुखतंय का तुझं?"

मी म्हणाले, "नाही गं. माझं कशाला दुखेल?"

ती "बरं," म्हणाली. "मंग ऱ्हाऊ दे."

संध्याकाळी तिचा खांदा थांबला. पुन्हा कधी दुखला नाही.

अर्धांगवायूच्या रोग्याचा खांदा दुखतो, हे मला माहीत आहे. नंतर मी त्याबद्दल मिळेल ते वाचलं. मेलेल्या अंगातही वेदना उठते, त्याला कारणं आहेत. पण ती अशी एका दुपारपुरती येऊन जाते, असं मला कुठे सापडलं नाही. आणि आई 'पोटातून वर' म्हणाली, त्याचं उत्तर पुस्तकात नाही.

त्या रविवारी मी परळीला गेले. तिच्याजवळ बसले, केस विंचरले. सांगावं असं दोनदा मनात आलं. पण सांगायचं काय? बंद आहे म्हणून? दुसऱ्या तपासणीनंतर बघू, असं ठरवून मी परत आले. पाच आठवड्यांनी एका पहाटे आई झोपेतच गेली.

आईच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला. विनोद म्हणाला, तपासणी पुढे ढकलू. मी नको म्हणाले. तारीख आली होती, मी गेले.

तेच टेबल, त्याच सिस्टर. या वेळी त्या माझा हात धरून उभ्या राहिल्या. डावी पूर्वीसारखीच बंद. मग डॉक्टर एकदम म्हणाल्या, "गेलं. बघा... उजवीतून गेलं." स्क्रीनवर पांढरी बारीक चमक सरकत होती, हे मलाही दिसलं. गर्भाशयाच्या मागे, पोटात, पाण्याची काळी रेघ जमली. "मागच्या वेळी आवळलीच होती तर. एक थेंब गेला नव्हता तेव्हा."

परत येताना रिक्षातच माझ्या उजव्या खांद्यात कळ सुरू झाली. ती बाहेरून येत नव्हती. पोटातून वर येत होती आणि खांद्यात बसत होती. आईने वापरलेल्या शब्दांपेक्षा नेमके शब्द मला आजही सापडलेले नाहीत. घरी आल्यावर विनोदने गोळी आणि पाणी आणून दिलं. मी पाणी प्यायले, गोळी तशीच ठेवली. रात्री आठपर्यंत दुखत होतं.

डॉक्टरांना मी नंतर सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हसल्या नाहीत. म्हणाल्या, पहिल्या वेळी हवा तुमच्याच पोटात उतरली नव्हती, तर खांदा कुणाचाच दुखायला नको होता. 

मूल होईल की नाही, अजून ठाऊक नाही. एक बाजू मोकळी आहे, एवढंच. कौसाबाईंनी दोन दिवस चोळलेल्या पोटात ती बाजू मोकळी राहिली, हे मला आईला सांगायचं होतं. दोन महिने थांबून पक्कं करून सांगणार होते.

तिने त्या दिवशी "पोट दुखतंय का" विचारलं, तेव्हा मी हो म्हणायला हवं होतं.