अमानतीची मोटार

मिश्रीशेठना मी पहिल्यांदा पाहिलं ते आगगाडीच्या तिसऱ्या वर्गात. बदनापूरच्या शाळेत मी नुकताच रुजू झालो होतो आणि खाट-कंदील घ्यायला जालन्याला निघालो होतो. समोरच्या बाकावर खिडकीशी एक गृहस्थ बसले होते. डोक्याला केशरी पगडी, अंगात पांढरी बाराबंदी आणि सगळ्या अंगाला करडईच्या तेलाचा वास. गाडी सुटल्यापासून त्यांची मान खिडकीबाहेर. रुळांच्या कडेनं जाणाऱ्या रस्त्यावर एक काळी मोटार धुरळा उडवत चालली होती आणि आत चालवणाऱ्याखेरीज कोणी नव्हतं. मोटार झाडांआड गेली की यांचा जीव खालीवर व्हायचा, पुन्हा दिसली की पाठ बाकाला टेकायची. न राहवून मी विचारलं, कोणाची हो मोटार?

"वकीलसाहेबांची," ते म्हणाले. "माझ्याकडं राहती."

मोटार तुमच्याकडे राहते, ती जालन्याला चालली आहे, तुम्हीही जालन्यालाच चालला आहात, आणि तुम्ही तिकीट काढून आगगाडीत? नवखा होतो म्हणून हे सगळं मी मनात ठेवलं. पुढे त्यांच्याच घरात, मोटारीच्या शेडला लागून असलेल्या दोन खोल्यांत मी भाड्यानं राहायला गेलो आणि मग मनात काही ठेवायची गरज उरली नाही.

शेठचं घराणं मारवाडातलं, पण बदनापुरात रुजून पिढ्या लोटलेल्या. मागच्या अंगणात बैलाची तेलघाणी, पुढे दुकान. करडई, जवस, भुईमूग. तेलाचा थेंब तळहातावर चोळून, नाकाशी नेऊन ते कोणत्या गावच्या दाण्याचं आणि कितपत जुनं हे सांगत. अमावास्येला घाणीचा बैल जुंपायचा नाही हा त्यांच्या घरचा नेम होता. ते बडबडे नव्हते, पण विचारलं की बेतशीर बोलत, आणि बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे न बघता हातातल्या पळीकडे बघत.

वकीलसाहेब म्हणजे हमीदसाहेब. शेठचे लहानपणापासूनचे दोस्त. दोघं रोज संध्याकाळी दुकानाच्या ओट्यावर बुद्धिबळ मांडत, आणि शेठ रोज हरत. पोलीस ॲक्शनच्या दिवसांत वकीलसाहेबांनी बायकापोरांना घेऊन हैदराबाद गाठलं. दिवस बरे नव्हते, दोघांनीही त्यावर फार बोलणं टाळलं. जाताना वकीलसाहेब दुकानात आले, तराजूच्या पारड्यात मोटारीची किल्ली ठेवली आणि म्हणाले, "मिश्री, ही अमानत. परत येईन तव्हा नेईन." शेठनी किल्ली उचलून देवघरात ठेवली.

अमानत या शब्दावर शेठनी पुढची वर्षं काढली. विश्वासानं ठेवायला दिलेली वस्तू जपायची, वापरायची नाही. म्हणून ते मोटारीत कधी बसले नाहीत. रोज फडक्यानं पुसत, काचा लखलखीत ठेवत, आणि आठवड्यातून एकदा शेडमध्येच इंजिन चालू करून लगेच बंद करत. जागची हलवली की वापरल्यासारखं होईल अशी त्यांना धास्ती. त्यातून जी फजिती झाली ती मला गफूर मिस्त्रीनं सांगितली. हा जालन्याचा गफूर एकदा तपासणीला आला, इंजिनातली तेल मोजायची पट्टी ओढून पाहिली आणि कपाळाला हात लावला. पट्टीवर पांढुरका फेस होता.

"शेठ, हे तेल न्हाई," तो म्हणाला. "ताक होऊन राह्यलंय."

शेठ घाबरले. तेलाचा व्यापारी माणूस, आणि आपल्या राखणीत तेल नासलं. गफूरनं त्यांना समजावलं की असं घडीभर चालू-बंद केलं की इंजिन तापतच नाही. आतली वाफ थंड होऊन तिचं पाणी होतं, ते तेलात उतरतं, आणि आतलं लोखंड खात बसतं. मोटारीला मधूनमधून चांगलं पाच-सहा मैल पळवलं पाहिजे, इंजिन कडकडीत तापलं पाहिजे. आणि मैल होवोत न होवोत, तेल वर्षातून एकदा बदललंच पाहिजे.

आता आली पंचाईत. न चालवावी तर अमानत नासते, चालवावी तर अमानत मोडते. शेठ म्हणे दोन दिवस नीट जेवले नाहीत. शेवटी गफूरनंच तोड काढली. चालवीन मी, तुम्ही बसू नका. तेव्हापासून दर अमावास्येला, घाणी बंद असे त्या दिवशी, गफूर सकाळच्या गाडीनं यायचा, मोटार रस्त्यानं जालन्यापर्यंत नेऊन परत आणायचा, आणि शेठ आगगाडीत बसून तिच्यावर नजर ठेवायचे. जालन्यात त्यांचं काही काम नसे. धान्याचा बाजार, मोंढासुद्धा अमावास्येला बंदच.

तेल बदलण्यावरून मात्र मी त्यांना पुष्कळ छेडलं. मी गणिताचा मास्तर. म्हटलं, शेठ, तेल झिजतं ते धावण्यानं. जी मोटार वर्षभरात दुसऱ्या मोटारीच्या आठवड्याइतकी धावत नाही, तिचं तेल दर वर्षी कशाला ओतून देता? शेठ म्हणाले, "डब्यात उभं राह्यलेलं करडईचं तेल खवट होतं का न्हाई? मंग?" गफूर तिथंच होता. मोटारीचं तेल जमिनीतून निघतं, ते करडईसारखं खवट होत नसतं, असं त्यानं शेठना सुनावलं, आणि ते मैलांवरच खराब होत नसतं, असं मला. पण शेठनी जुन्या तेलाचा वास घेणं काही सोडलं नाही.

हे तेल बदलायचा दिवस दसऱ्याचा. घाणी, तराजू, वजनं यांच्यासोबत मोटारीलाही झेंडूची माळ. आदल्या दिवशी गफूर जुनं तेल काढून ठेवी, आणि दसऱ्याच्या सकाळी आसपासच्या खेड्यांतले गाडीवान डबडी, नारळाच्या करवंट्या घेऊन ओट्यापाशी उभे राहत. बैलगाडीच्या आसाला वंगण म्हणून त्यांना ते काळं तेल सोन्यासारखं. शेठ पळीनं वाढत. पण जुनं झालं तरी ते तेल त्यांचं नव्हतं ना! म्हणून प्रत्येक पळीला म्हणत, "वकीलसाहेबांच्या नावानं." गाडीवानही तेच म्हणून पुढे सरकत. ज्यांनी वकीलसाहेबांना कधी पाहिलं नव्हतं, त्यांच्याही गाड्या त्यांच्या नावानं चालत होत्या.

शेठची एकुलती एक मुलगी कमला. तिचं लग्न ठरलं आणि या अमानतीनं घर हलवलं. वऱ्हाड परभणीचं, आगगाडीनं येणारं. स्टेशनापासून घरापर्यंत नवरदेवाला आणि परतताना लेकीला मोटारीतून न्यावं असं शेठाणींच्या मनात होतं. अंगणात मोटार उभी आणि लेक बैलांच्या दमणीत बसून जाणार, हे त्यांना सोसेना. त्या एरवी माझ्यासमोर पदर पुढे ओढून बोलत. त्या दिवशी पदराचं भान नव्हतं. "मास्तर, तुम्हीच सांगा यांना. पोरीचं लगीन काय दर दसऱ्याला होतं?"

मी सांगितलं. मला मनापासून वाटत होतं की शेठ चुकताहेत. कमला वकीलसाहेबांच्या मांडीवर खेळलेली. ते असते तर त्यांनी स्वतः तिला मोटारीत बसवलं असतं, असं मी म्हटलं. शेठ घाणीशेजारी बसले होते. त्यांनी पेंडीचा तुकडा बोटांनी चुरला.

"ते असते तर त्यांनीच बसवली असती," ते म्हणाले. "ते न्हाईत, म्हणून तर."

मी चिडून उठून आलो. लग्न झालं, पंगती उठल्या, कमला दमणीत बसली. आणि दमणी निघते तोच मागून मोटारीचा भोंगा वाजला. अमावास्येला चार दिवस होते, पण शेठनी त्या महिन्याचा फेरा अलीकडे ओढला होता. पुढे बैलांची दमणी, मागे बैलांच्या चालीनं हळूहळू येणारी काळी मोटार, तिला माळ घातलेली, आत एकटा गफूर. दमणीचा पडदा बाजूला करून कमलानं मागे पाहिलं आणि रडता रडता तिला हसू फुटलं. वऱ्हाडातल्या लोकांना वाटलं असणार की या घरात काहीतरी बिघडलेलं आहे. शेठाणी मात्र हसल्या नाहीत. त्या पुढे कित्येक दिवस शेठना वेळेवर वाढत होत्या, पण बोलत नव्हत्या.

त्यानंतर एका थंडीत वकीलसाहेब आले. हातात काठी, दाढी पांढरी, सोबत मोठा मुलगा. गावातलं राहिलेलं घर विकायला आले होते. दोघं दोस्त दुकानाच्या ओट्यावर गळ्यात गळा घालून उभे राहिले, आणि मी नजर दुसरीकडे वळवली. मग चहा झाला, कोण गेलं, कोण उरलं, सगळं झालं. वकीलसाहेबांनी मोटारीचं नाव काढलं नाही. शेठ वाट बघत होते. पाणी आणायला म्हणून दोनदा आत गेले आणि रिकाम्या हातानं आले. शेवटी त्यांनी देवघरातून किल्ली आणून वकीलसाहेबांपुढे ठेवली.

वकीलसाहेब किल्लीकडे बघतच राहिले. "मिश्री, ती अजून हाय? मी तर विसरूनच गेल्तो."

माझ्या डोक्यात सणक गेली. ज्या मोटारीसाठी या माणसानं लेकीला दमणीत बसवलं, ती ठेवणाऱ्याच्या आठवणीतसुद्धा नव्हती. हे मी नंतर शेठना बोलूनही दाखवलं. त्यांना त्याचं काहीच वाटलं नव्हतं. "ठेवणारा विसरला म्हंजे त्याचा भरोसा पक्का होता मास्तर," ते म्हणाले. "याद ठेवायचं काम माझं होतं."

मोटार पहिल्या झटक्यात चालू झाली. मुलगा चालवायला बसला, वकीलसाहेब मागे बसले आणि त्यांनी शेजारची गादी थोपटली. शेठनी जोडे काढून शेडच्या दाराशी ठेवले. मग आत चढले आणि गादीच्या कडेला, हात गुडघ्यांवर ठेवून, देवळात बसावं तसे बसले. वकीलसाहेबांनी शेठाणींनाही हाक मारली, वहिनी, या म्हणाले. शेठाणींनी मोटारीला कुंकू लावलं, चाकांवर पाणी घातलं, आणि त्या बाजूला झाल्या. "माझी कमला बसली न्हाई भाईजी. मी कशी बसू?"

वकीलसाहेबांनी प्रश्नार्थक नजरेनं शेठकडे पाहिलं. शेठ समोरच्या काचेतून बाहेर बघत होते. मोटार दुधना नदीच्या पुलापर्यंत जाऊन परत आली तेव्हा दोघांचेही डोळे लाल होते. वाटेत काय बोलणं झालं ते मला कधी कळलं नाही. पण परभणीला जाऊन कमलाला भेटूनच हैदराबादला जायचं, असं वकीलसाहेबांनी उतरताच जाहीर केलं. तिला मोटारीतून गावभर फिरवलं, हे तिच्याच पत्रातून आम्हाला कळलं. तेव्हा कुठे शेठाणी शेठशी मोकळ्या बोलल्या.

निघताना शेठनी वकीलसाहेबांच्या मुलाला पुन्हा पुन्हा बजावलं, चालो का न चालो, साल में एक बार तेल बदलना. आणि नुसती चालू-बंद करू नका, गरम होऊ द्या. पोरगा हसत हो हो म्हणत होता. मोटार गेली. शेड रिकामं झालं. पुढच्या अमावास्येला शेठ सवयीनं स्टेशनवर गेले आणि गाडी सुटल्यावर परत आले.

मग दसरा आला. सकाळीच ओट्यापाशी गाडीवान डबडी घेऊन उभे. मोटार गेल्याची खबर खेड्यापाड्यांत कुठून पोचणार? मला वाटलं, शेठ त्यांना समजावून परत पाठवतील. ते आत गेले आणि या वर्षाच्या बदलासाठी आधीच आणून ठेवलेला तेलाचा कोरा डबा घेऊन आले. माझ्याकडे न बघता त्यांनी त्याचं तोंड फोडलं आणि पळीनं वाढायला सुरुवात केली. वकीलसाहेबांच्या नावानं, वकीलसाहेबांच्या नावानं.

एका म्हाताऱ्या गाडीवानानं करवंटीत बोट बुडवून उन्हात धरलं. "शेठ, औंदा तेल लई साफ हाय."

"वकीलसाहेब स्वतः बसून गेल्ते ना मोटारीत," शेठ म्हणाले, आणि त्यांनी पळी पुन्हा डब्यात बुडवली.