डावऱ्या हाताची गाठ

पेटीला दोन बुडं होती. वरचं बूड मी छन्नीने उडवलं तेव्हा खाली दुसरं निघालं, आणि मधल्या फटीत एक पुडकं.

रे रोडला भंगाराच्या गोडाऊनमध्ये मी तेव्हा कटाईला होतो. कटाई म्हणजे जुना पत्रा कापायचा, ठोकून सपाट करायचा आणि गठ्ठे बांधायचे. त्याच्या आधी अठरा वर्षं मी साचेवाला होतो. गिरणीत मागाला साचा म्हणतात. माझ्याकडे चार साचे होते. मग संप झाला. तो मिटला असं आम्हाला कोणी सांगायला आलं नाही, आणि मीही कोणाला विचारायला गेलो नाही. हातातला साचा गेला, हातोडा आला.

पुडकं मांजरपाटाचं होतं. वरून सूत गुंडाळून गाठ मारलेली. एका कोपऱ्याला कापड विरलं होतं, तिथून शंभराच्या नोटा दिसत होत्या. जाडी विटेएवढी. एवढे पैसे मी एकत्र कधी हातात धरले नव्हते. दोन्ही हात जोडून पाणी प्यावं तसं ते पुडकं धरून मी किती वेळ बसलो, माहीत नाही. आत किती होते तेही माहीत नाही, कारण मी मोजले नाहीत. आमची आई म्हणायची, दुसऱ्याचे पैसे मोजायला घेतले की निम्मे आपलेच वाटायला लागतात.

सुकटीचा वास येत होता. मी घाटावरचा माणूस. कोकणातल्या गड्याची पेटी म्हटली की सुकट आलीच, असं म्हणून मी नाक बाजूला केलं.

तेवढ्यात शेठ आला.

"काय सापडलं?"

"पैसे."

"कोणाचे?"

"माहीत नाही."

"मग माझे. पेटी मी किलोवर घेतली. पेटीत जे आहे ते किलोत आलं."

"शेठ, तुम्ही पत्रा घेतलात. हा पत्रा नाही."

शेठ तसा वाईट माणूस नव्हता. पगार वेळेवर द्यायचा. पण धंदेवाला होता. म्हणाला, "मालक तुला कुठे भेटणार? नाव तरी आहे का?"

पेटीवर नाव रंगवलेलं होतं, ते गंजाने खाल्लं होतं. 'मु. पो.' एवढंच उरलं होतं.

"नाव नाही," मी म्हणालो, "पण गाठ आहे."

हे जरा समजावून सांगतो. साच्यावर धागा तुटला की तो जोडायला आम्ही एक बारीक गाठ मारतो. ती इतकी लहान लागते की फणीच्या दातांमधून अडकल्याशिवाय गेली पाहिजे. बसली की सुटत नाही, कापावीच लागते. गिरणीतला माणूस मेला तरी ती गाठ विसरत नाही. चपलेचा अंगठा बांधायचा असला तरी तीच मारतो. आता ह्या पुडक्यावरची गाठ आमचीच होती, पण आरशात बघावी तशी उलटी. उजव्या हाताने ती तशी पडतच नाही. म्हणजे मालक साचेवाला, आणि डावरा.

शेठला हे काही पटलं नाही, पण गंमत वाटली असावी. म्हणाला, "दोन दिवस देतो. मालकाची पावती आण. नाहीतर पुडकं टेबलावर. आणि तूच घेऊन पळालास तर?"

मी खिशातून रेशन कार्ड काढून त्याच्या पुढ्यात टाकलं. त्यात माझं, बायकोचं, तिन्ही पोरांचं नाव. त्या कार्डाशिवाय आमच्या घरात तांदूळ येत नव्हता.

"पावती नाही तर कार्ड नाही," शेठ ड्रॉवर लावत म्हणाला. "मग कामावरही येऊ नको."

घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "कार्ड दिलंत? तुम्हाला विकून टाकायला हवं किलोवर." पण पुडकं तिनेच तांदळाच्या रिकाम्या डब्यात लपवलं.

पेट्या ज्याने आणल्या त्या हातगाडीवाल्याला दुसऱ्या दिवशी गाठलं. तो म्हणाला, डिलाईल रोडच्या एका गावकीच्या खोलीतून उचलल्या, मग चार महिने त्याच्याकडेच पडून होत्या. गावकीची खोली म्हणजे एका गावच्या गड्यांनी मिळून घेतलेली. वीस-वीस जण पाळीपाळीने तिथे झोपायचे, प्रत्येकाची एक पेटी. खोली विकली गेली होती. पण खालचा पानवाला जुना होता.

"साचेखात्यातला डावरा? परब," तो म्हणाला. "पानाला चुनासुद्धा स्वतःच डाव्या हाताने लावून घ्यायचा. शिवडीला वॉचमन आहे आता."

शिवडीच्या गोडाऊनच्या गेटवर परब स्टुलावर बसला होता. साठीचा, काटक, खाकी शर्टाला एक बटण. मी नावगाव काही सांगितलं नाही. खिशातून सुताचे दोन तुकडे काढून पुढे केले. "जोड."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग गेटकडे. एक ट्रक आत येत होता. ट्रकचा नंबर वाचता वाचता डाव्या हाताने त्याने गाठ मारून सूत मला परत दिलं. मी पिशवीतल्या पुडक्यावरच्या गाठीशेजारी धरून बघितली. जुळी बहीण.

मग मी पुडकं त्याच्या मांडीवर ठेवलं. खरं सांगतो, छाती जरा पुढे काढून उभा राहिलो. आता हा पाया पडणार, मी त्याला उठवणार, असं सगळं मनात ठरलं होतं.

परबने पुडक्यावरून हात फिरवला. डोळ्यांत पाणी आलं. ते पुसलं आणि म्हणाला, "गाठ माझी आसा. पैसे माझे न्हय."

मी मटकन शेजारच्या गोणीवर बसलो.

पैसे हिराबायचे होते. हिराबाय म्हणजे त्यांच्या चाळीखाली मासळी विकायला बसणारी कोळीण. नवरा दारुडा, घरातली भांडीसुद्धा विकून यायचा. पोराला होडी घ्यायची म्हणून ती शनिवारच्या शनिवारी परबकडे पैसे ठेवायची, आणि तो दर वेळी तिच्यासमोर जुनी गाठ कापून नवी मारायचा. का परबकडेच? तर पहिल्या दिवशी मासळी घेताना तिने चुकून जास्त दिलेले सुटे त्याने परत केले होते. तेवढीच ओळख.

"संपात तुझं कसं चाललं?" मी विचारलं.

"चालला खंय? बायलेचा डोरला विकला. दोन दोन दिवस चायवर काढले."

"आणि ही पेटी?"

"उशाशी होती."

"एखादी नोट उसनी घेतली असतीस तर ती काय म्हणाली असती?"

"ती कायच म्हणाली नसती," परब म्हणाला. "पण गाठ तिच्या पाठी कापूक लागली असती."

मी दोन दिवस पैसे मोजले नाहीत म्हणून मनात मिरवत होतो. हा माणूस संपाच्या सगळ्या दिवसांत त्या पेटीवर डोकं ठेवून उपाशी झोपला होता.

पुढे बायको आजारी म्हणून तो गावाला गेला. परत आला तर खोली विकलेली, पेटी नाही. तीन दिवस हिराबायसमोर जायची हिंमत झाली नाही. चौथ्या दिवशी गेला आणि सांगितलं.

"मग? आरडाओरडा केला असेल तिने."

"नाय. म्हणाली, गेले ते गेले, तू कशाक रडतंस. आणि त्या शनिवारी परत दोन नोटा घेवन इली. म्हणाली, ठेव."

त्याने शर्ट वर केला. कमरेच्या करगोट्याला मांजरपाटाचं लहानसं पुडकं बांधलेलं होतं. त्यावर तीच उलटी गाठ. मी वाकून ती गाठ जवळून बघितली.

सकाळी परबची ड्युटी सुटल्यावर आम्ही दोघं डिलाईल रोडला गेलो. हिराबाय बोंबील मांडत होती. पुडकं बघून तिने हात पदराला पुसला, पुडकं नाकाशी नेलं.

"माझंच हाय," म्हणाली. "पन भंगाराचा वास लावलास रं दादूस."

"मोजून घे, बाय."

"परबने मोजून बांधलंय. तू मोजलंस?"

"नाही."

"मंग मी कशाला मोजू?"

मी पावतीचं आणि कार्डाचं सांगितलं. ती म्हणाली, "मना लिवता येत नाय." मासळीची पाटी शेजारणीच्या ताब्यात दिली आणि पुढे चालायला लागली. आम्ही मागून.

गोडाऊनमध्ये शेठने तिघांना आळीपाळीने बघितलं. "पावती?"

हिराबायने पुडकं त्याच्या टेबलावर, बिलांच्या वर ठेवलं. "वास घे, शेट."

शेठ कांदा-लसूणही न खाणारा. त्याने खुर्ची भिंतीपर्यंत मागे सरकवली. "उचल, बाई, उचल ते."

"पटली पावती?"

शेठने तोंडावर रुमाल धरून ड्रॉवर उघडला आणि माझं कार्ड माझ्याकडे फेकलं. परब तोंड फिरवून हसत होता. मी मात्र हसलो नाही. तोच वास मला पहिल्याच दिवशी आला होता.

गेटबाहेर आल्यावर मला वाटलं, बाय आता पुडकं कनवटीला लावेल, नाहीतर बँकेचं विचारेल. तिने ते परबच्या हातात दिलं.

"ठेव," म्हणाली, आणि बोंबील उन्हात सुकायच्या आत पोचायला हवं म्हणून भराभरा निघून गेली.

परब पुडकं दोन्ही हातांत धरून उभा होता, मी पहिल्यांदा धरलं होतं तसंच. मी डोक्यावरची टोपी काढली. कोणासाठी काढली ते तेव्हाही नक्की ठरवता आलं नाही, तिच्यासाठी की त्याच्यासाठी.

शेठने मला दोन दिवसांचा खाडा लावला. मी भांडलो नाही. गाठ ओळखली म्हणून मिशीला पीळ देत मी अर्धी मुंबई फिरलो, आणि मालकिणीचा पत्ता पहिल्यापासून माझ्या नाकाखाली होता. कटाईला बसणाऱ्याने डोळ्यांबरोबर नाकही कामावर न्यावं.