बडा गणपतीजवळचं ठेक्याचं यंत्र

पुण्याहून इंदूरच्या बसमध्ये बसण्याआधीच ठरवलं होतं, की तिथे आपण भजनी मंडळांवर लेख लिहितो आहोत असं सांगायचं. खरं कारण वेगळं होतं. अठरा वर्षं मी क्लबांमध्ये डीजे म्हणून गाणी वाजवली आणि गुडघे दुखू लागल्यापासून एका खासगी संस्थेत हाउस म्युझिकचा इतिहास शिकवते. त्या इतिहासाचं एक प्रदर्शन भरवायचं होतं. पोस्टर होती, फोटो होते, जुन्या रेकॉर्डी होत्या. फक्त ज्यावर ते संगीत उभं राहिलं ते यंत्र नव्हतं.

हाउस म्युझिक म्हणजे घरगुती संगीत असं ज्यांना वाटतं (माझ्या सासूबाईंना अजून वाटतं), त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ऐंशीच्या दशकात शिकागोत, गोदामात भरणाऱ्या एका क्लबात हे संगीत वाढलं. त्या गोदामावरूनच (इंग्रजीत वेअरहाउस) त्याला नाव पडलं म्हणतात. नाचणारे बहुतेक काळे, त्यातले कितीतरी समलिंगी. शहरातल्या इतर क्लबांच्या दारात त्यांना कुणी उभं करत नसे. वादक ठेवण्याची ऐपत नव्हती, म्हणून वाजवणाऱ्यांनी रेकॉर्डींच्या जोडीला जुन्या बाजारातलं, ठेका धरणारं एक यंत्र घेतलं. त्याचा ढोल खऱ्या ढोलासारखा वाजत नाही म्हणून ते फारसं खपलं नव्हतं आणि कंपनीने बनवणंच सोडलं होतं. त्या टाकाऊ ढोलावर पुढे जग नाचलं. इंग्लंडच्या शेतांत नाचलं, भूमध्य समुद्रातल्या बेटांवर नाचलं आणि शेवटी मोठ्या हॉटेलांच्या पोहण्याच्या तलावाकाठी. तिथल्या दारात त्या पहिल्या नाचणाऱ्यांना आजही कुणी उभं करेल की नाही, शंका आहे.

तर ते यंत्र मला चाळीस सेकंदांच्या एका व्हिडिओत दिसलं. इंदुरातलं महिला भजनी मंडळ, मध्ये पाट, पाटावर लाल, केशरी, पिवळ्या, पांढऱ्या अशा सोळा कळांचं काळं यंत्र आणि त्याला वाहिलेलं हळदीकुंकू. मंडळाच्या प्रमुख कुंदाकाकूंचा नंबर मिळवला, लेखाचं निमित्त सांगून गोड बोलले आणि निघाले.

रविवारी सकाळी इंदुरात उतरले. थंडी चांगली होती. समोरच्या गाडीवर पोहे घेतले. पुण्याचे पोहे फोडणीचे, हे वाफेवरचे. वर शेव आणि जिरावण (मसाल्याची पूड) भुरभुरवलेली, सोबत जिलबी. मी जिलबी नको म्हटलं, तर पोहेवाल्याने माझ्याकडे काळजीने बघितलं. "तबियत ठीक है ना, दीदी?" मग घेतली.

मंडळ तीनला भरणार होतं. तोवर विजयनगरमधल्या एका कॅफेत 'मॉर्निंग हाउस पार्टी' असल्याचं कळलं. दारू नाही, कॉफी आणि क्लबचं संगीत. चाळीसेक तरुण मंडळी होती. कॅमेरा फिरला की नाचायची आणि कॅमेरा खाली गेला की बसायची. वाजवणारा मुलगा मराठी निघाला. त्याने आपणहून माझी शिकवणी घेतली.

"ताई, हाउस ना, बेसिकली गोव्यातून सुरू झालं. मतलब फॉरेनर लोक घेऊन आले, पण ओरिजिन गोवाच."

"असं का?" मी म्हटलं. लेखिकेचं सोंग घेतलं होतं, ते इथेही सोडलं नाही. शिवाय तो वाजवत बरा होता. हे कबूल करायला मला दोन कॉफ्या लागल्या.

तीनला रिक्षाने बडा गणपतीला पोहोचले. गणपती नावाला जागणारा, मान मागे टाकून बघावा असा. मागच्या गल्लीत, किराणा दुकानाच्या वर काकूंचं घर. काकू बहात्तरच्या, ठेंगण्या, कमरेला पदर खोचलेल्या. त्यांचे यजमान कापडगिरणीत टाइमकीपर होते आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात वाजवायचे. ऑर्केस्ट्रा बंद पडला तेव्हा कुणालाच नको असलेलं ते यंत्र त्यांनी घरी आणलं. यजमानांना जाऊन आता नऊ वर्षं झाली.

"ये, बैठ. लेख लिहिणार ना तू? मग कागद-पेन कुठे आहे?"

"मोबाइलवर लिहिते, काकू."

"अच्छा," काकू म्हणाल्या.

आठ बायका जमल्या. सर्वांत मोठ्या शैलाआजी, त्यांना कमी ऐकू येतं. सर्वांत लहान मंजू, बँकेत कारकून. काकूंनी यंत्राला नमस्कार करून कळ दाबली. डोलत जाणारा, मध्येच किंचित अडखळून सावरणारा ठेका सुरू झाला आणि त्यावर गणपतीचं भजन. मी दोनदा टाळ्या वाजवल्या, बाकी वेळ यंत्रावरचा एकेक स्क्रू न्याहाळला.

"यंत्राकडेच बघून राहिली गं तू," काकू म्हणाल्या. "भजनाकडे बघ ना."

भजन संपल्यावर मंजूने सहज विचारलं, "दीदी, याच्यावर दुसरं काही वाजतं का?"

इथे गप्प बसायला हवं होतं. पण अठरा वर्षांचा अनुभव आतून ढुशा देत होता. "बघा हं," म्हणत मी पुढे सरकले, दोन बटणं फिरवली, एक दाबलं, चार कळा पेटवल्या. धप, धप, धप, धप. शिकागोचा ठेका बडा गणपतीला वाजू लागला. मंजू खुशीत उठली, आणखी दोघी उठल्या. शैलाआजींना ठेका बदलल्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी तेच भजन पुन्हा धरलं आणि ते चक्क चपखल बसलं. अर्धी खोली नाचत होती.

काकू नाचत नव्हत्या. "आता आधीचा लाव," त्या म्हणाल्या.

मी कळ दाबली. धप, धप. दुसरी दाबली. काहीच नाही. तेव्हा कळलं, की माझा ठेका मी त्यांच्या ठेक्यावरच लिहिला होता. त्यांच्या यजमानांनी बसवलेला, यंत्रातला एकुलता एक ठेका मी पुसला होता. ही चूक करू नका असं मी दर वर्षी पहिल्या तासाला शिकवते.

काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग गेले. त्या ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"काकू, मी लेख लिहीत नाही. हे धपधप संगीत शिकवते, त्याच्या प्रदर्शनासाठी यंत्र मागायला आले होते."

"मालूम आहे," त्या न वळता म्हणाल्या. "तुझ्याआधी दोघं येऊन गेले. एक म्हणाला पीएचडी करतो. दुसरा गणपतीचा भक्त होता. पण त्यांनी हात नव्हता लावला."

मी मोबाइलवर तो चाळीस सेकंदांचा व्हिडिओ लावून पाहिला, पण त्यात टाळ्या आणि चिपळ्यांखाली ठेका बुडून गेला होता. काकूंनी डोळे पुसले आणि वळल्या.

"आता रडून काय. बस खाली आणि परत आण."

मग सगळ्या यंत्राभोवती बसल्या. एकीला ठेक्याची सुरुवात आठवत होती, दुसरीला शेवट. मंजूने मांडीवर ताल धरला, शैलाआजी म्हणाल्या तो चुकला, सगळ्या म्हणाल्या आजींना ऐकू येत नाही, आणि शेवटी आजींचाच बरोबर निघाला. त्यांना तो ठेका जमिनीतून, तळव्यांना कळायचा. दोन तास मी एकेक कळ पेटवत आणि विझवत होते. मध्ये गराडू (तळलेला कंद, वर लिंबू आणि जिरावण) खायला मिळाला. शिक्षा चालू असताना इतकं चांगलं मी कुठेच खाल्लं नव्हतं.

शेवटी काकूंनी डोळे मिटून पूर्ण आवर्तन ऐकलं. "जवळपास आहे," म्हणाल्या. "हेसुद्धा रोज थोडा वेगळाच वाजवायचे."

मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, "एक सांगू? तो ठेका भजनाचा नव्हताच. ऑर्केस्ट्रात एक बाई कॅबरे करायची, तिच्यासाठी बसवलेला. हे गेल्यावर मी त्याच्यावर गणपती बसवला. मंडळात नको बोलू."

मंडळात कुणी प्रवासवर्णनं वाचत नाही अशी खात्री त्यांनी दिली, म्हणून इथे लिहिते आहे.

पुण्याला परतले. प्रदर्शन यंत्राशिवाय झालं. त्याच्या जागी छापील चित्र लावलं. लोक थांबून बघायचे, चित्राखालची माझी दीड पानं टाळायचे. मीही ती नंतर वाचली तेव्हा जाणवलं, की त्यात साल होतं, शहर होतं, गोदाम होतं, पण रविवारी तीन वाजता कुणी कामं आटपून, पदर खोचून नाचायला येतं, ते नव्हतं. ज्यांना दुसरीकडे जागा नाही अशांनी ही जागा केली, हे मी इतकी वर्षं सांगत आले. सांगताना माझ्या डोळ्यांपुढे कधी माणसं आली नव्हती.

तीन आठवड्यांनी काकूंचा फोन आला.

"अगं, तू मंडळ फोडलंस. अर्ध्या बायकांना तो धपधपवालाच पाहिजे. मंजू लीडर झाली आहे. आता रविवारी आमचं, बुधवारी त्यांचं."

"मग काकू?"

"मग काय, दोन्हीकडे यंत्र माझंच. दोन नंबरवर तो कसा भरायचा ते सांग. थांब, चष्मा घालते."

लिहिण्याचं बटण कोणतं, जुन्या ठेक्याला धक्का न लावता दोन नंबर कसा निवडायचा, हे मी दोनदा म्हणवून घेतलं. मग सांगितलं, "आता ढोलाच्या कळा. एक, पाच, नऊ, तेरा."

"एक, पाच, नऊ, तेरा," काकूंनी लिहून घेतलं. "पुढे?"

"पुढे काही नाही. इतकंच."

फोनमधून धप, धप, धप, धप ऐकू आलं.

"बस इतकंच?" त्या म्हणाल्या. "मग तू वर्षभर शिकवतेस काय?"