एक जूनला जन्मलेली माणसं

माझी पत्नी गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तिच्याबद्दल लिहायला बसलो की दर वेळी मी दुसऱ्याच एका बाईपाशी येऊन थांबतो, आणि मग राग येतो. शोकात राग बरा दिसत नाही, म्हणून आजवर लिहिणं टाळलं. आता टाळत नाही.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. पत्नीची डावी बाजू लुळी पडली होती. बोलणं शाबूत होतं, जीभ तर पूर्वीपेक्षा धारदार. मी नुकताच निवृत्त झालो होतो. उमेदीची वर्षं गव्हाणच्या बाजूला प्राथमिक शाळेत आणि पुढची पनवेलमध्ये शिकवण्यात गेली. माणसाची कूस कशी बदलायची हे काही मला येत नव्हतं. तेव्हा ती बाई आमच्याकडे कामाला आली. तिशीची असेल. नवरा नवीन पनवेलमध्ये इमारतींच्या सेंट्रिंगवर, स्लॅबखाली फळ्या ठोकायच्या कामाला. खाडीच्या बाजूला सखल जागेत त्यांची वस्ती होती. सगळे बंगाली बोलणारे मुसलमान. आम्ही मुर्शिदाबादचे, आपल्याच देशातल्या बंगालचे, असं ती सांगायची.

महिन्याभरात पत्नी माझ्या हातून जेवेनाशी झाली. "तुमच्या हातून जेवायचं म्हणजे तोंडी परीक्षा," ती म्हणायची. "घास देता आणि तोंडाकडे बघत बसता, उत्तर बरोबर आलं का म्हणून." बाई मात्र घास हातात धरून तिच्याशी भांडायची. "दीदी, और दो घास. नहीं तो मैं भी नहीं खाएगा." पत्नीने तिला हवं तेवढं मराठी शिकवलं होतं. "कूस बदला", "आ करा", "रडू नका". हे शेवटचं बाईला का लागतं, ते मी कधी विचारलं नाही.

हळूहळू वस्तीत पोलीस येऊन कागद विचारू लागले. रेशनकार्ड असेल तर बरं, असं बाईला कुणीतरी सांगितलं. अर्जाला प्रतिज्ञापत्र जोडावं लागे. त्याचा मजकूर मी लिहायला घेतला.

"जन्मतारीख?"

ती विचारात पडली. "बारिश का टाइम था. भाई बोलता है, नदी हमारा घर ले गया, वही साल."

मी हसलो आणि अंदाजाने साल धरून 'एक जून' लिहिलं. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. शाळेत आम्ही आयुष्यभर हेच केलं. बाप पोराला खांद्यावर घेऊन यायचा, तारीख ठाऊक नसायची. गुरुजींनी पोराकडे बघून साल ठरवायचं आणि एक जून टाकायची, म्हणजे पोर वर्गात बसवायला सोपं. तालुक्यातली निम्मी माणसं कागदावर अशीच एक जूनला जन्मली. मीही त्याच तारखेचा.

बाईचा कागद झाला तशी वस्तीतली इतर माणसंही येऊ लागली. वाचनालयाच्या ओट्यावर दर रविवारी सकाळी बसून मी वीसेक जणांचे मजकूर लिहून दिले. माझं अक्षर चांगलं होतं, आणि त्याचा मला अभिमान होता. ज्याला तारीख माहीत नाही त्याला एक जून. कुणालाच माहीत नव्हती.

मग ते दिवस आले. भिंतींवर चुन्याने 'घुसखोरांना हाकला' लिहिलं गेलं. रिक्षावर कर्णा लावून गावभर तेच ओरडणं. एसटी स्टँडवरून मोर्चा निघाला. दोन-चार दिवसांनी त्या वस्तीतल्या लोकांनी तहसील कचेरीसमोर धरणं धरलं. बाई जाऊ की नको करत होती. पत्नी म्हणाली, "जा गं. मी कुठे पळून जाणार आहे?"

भाजीची पिशवी घेऊन मी तिथून गेलो. उन्हात शंभरेक माणसं बसली होती. बहुतेकांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेले कागद. घोषणा नव्हत्या, मराठी घोषणा येत नव्हत्या आणि बंगालीत द्यायची सोय नव्हती. चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, "बसलेत बघ कसे, जावई रुसल्यासारखे." बाईने मला पाहिलं आणि हसून आपला कागद उंच धरला. माझ्या अक्षरातला. मी मान हलवली आणि पुढे निघालो.

बाहेरून चोरून कुणी येतच नव्हतं, असं माझं म्हणणं नाही. देशाला हद्द असते, कायदा असतो, तो मी मुलांना शिकवला आहे. ती बाई खरोखर इकडचीच होती का, हे मला शपथेवर सांगता येणार नाही. पण तिला हाकलणाऱ्यांपैकीही कुणाला सांगता आलं नसतं, आणि शोधायला कुणी मुर्शिदाबादला गेलं नव्हतं.

आमच्या वाचनालयाने याच विषयावर परिसंवाद ठेवला. कार्यवाह माझा जुना विद्यार्थी, आता वकील. त्याने त्या प्रतिज्ञापत्रांच्या झेरॉक्सचा गठ्ठा वर धरला.

"मंडळी, वीस माणसं आणि सगळ्यांचा वाढदिवस एक जून! तिकडे काय त्या दिवशी सरकारी बाळंतपणाचं शिबिर असतं?"

सभागृह खदखदून हसलं. एक जूनला जन्मलेलं सभागृह.

"अक्षरही एकच," तो म्हणाला. "म्हणजे हा कारखाना आपल्याच गावात आहे. कुणीतरी घरभेदी आपल्यातच बसलाय."

मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. उठून 'हे अक्षर माझं आहे' एवढंच म्हणायचं होतं. मी चष्मा पुसला.

सभा सुटल्यावर तो माझ्याजवळ आला. वाकून नमस्कार केला आणि हळूच म्हणाला, "सर, यापुढे त्या लोकांना काही लिहून देऊ नका." म्हणजे त्याने ओळखलं होतं. माझ्याच अक्षरावर त्याने बाराखडी गिरवली होती. मला वाचवून त्याने त्यांना बुडवलं, आणि मी त्याला "बरं" म्हणालो. आजही तो शब्द आठवला की तोंड कडू होतं.

दोन दिवसांनी सकाळी बाई पत्नीला अंघोळ घालत असताना हवालदार दारात आला. "मास्तर, बाईला जरा पाठवा. चौकशी हाय." तिने पत्नीचं अंग पुसलं, गाऊनची बटणं लावली, ओले हात पदराला पुसले आणि म्हणाली, "येते, दीदी." हेही पत्नीनेच शिकवलेलं.

"जा तिच्या मागे," पत्नी मला म्हणाली. "सांगा, लिहिणारा मी आहे म्हणून."

मी गेलो. चौकीत हवालदाराने खुर्ची दिली. "कागद बोगस हायत, मास्तर. सगल्यांची तारीख येकच. आसं कुटं आसतंय का?"

"तुमची तारीख काय आहे, हवालदार?"

तो ओशाळला. "येक जूनच. पन आमची मास्तरांनी लिवलेली."

त्यांचीही मास्तरानेच लिहिली आहे, हे वाक्य माझ्या जिभेवर होतं. तेवढ्यात तो म्हणाला, "ज्यानी ह्ये लिवलंय ना, त्यो घावला की सरल आत. सायब त्यालाच शोधतायत." आतल्या खोलीतून बायकांचा आवाज येत होता. मी पाणी प्यायलो आणि घरी आलो.

"सांगितलंत?"

"उद्या नीट बोलतो."

"म्हणजे नाही सांगितलंत."

त्यानंतर पत्नी माझ्या हातून जेवू लागली. दिला तो घास गिळायची. चेष्टा नाही, तक्रार नाही. त्या लोकांना आगगाडीत घालून बंगालच्या सीमेवर नेलं, असं आठवड्याभराने कळलं. तेही मी तिला सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. पाठीला जखमा झाल्या. मला तिची कूस बदलता येत नव्हती. सहा आठवड्यांत ती गेली.

तेराव्यानंतर बाईचा नवरा आला. धरपकड झाली त्या दिवशी तो पळस्प्याला कामावर होता, म्हणून सुटला होता. पत्नी गेल्याचं ऐकून उंबऱ्यातच बसला. मग म्हणाला, "मास्टरबाबू, उसका पता लगाओ. एक अर्जी लिख दो."

या वेळी मी लिहिलं. वीसही मजकूर मी लिहिले, तारखा मी घातल्या, का घातल्या, त्यात त्या माणसांचा काही दोष नाही. खाली पूर्ण सही, पत्ता. नवरा एसटी स्टँडवर थांबला आणि मी चौकीत गेलो.

साहेबांनी कागद शेवटपर्यंत वाचला. मी अटकेच्या तयारीने गेलो होतो. सदऱ्याच्या खिशात औषधाच्या गोळ्यांची पाकिटंही घेतली होती. साहेबांनी कागदाची घडी घातली आणि खणात टाकली. "मिसेस गेल्या म्हणे तुमच्या. वाईट झालं. बसा, चहा घ्या."

"माझ्यावर कारवाई?"

"तुमच्यावर कसली कारवाई, सर? तुम्ही शिक्षक माणूस."

"आणि त्या बाईचं?"

"ती माणसं गेली हो आता. त्यांचं काय करायचं?"

ज्याला भिऊन मी तोंड मिटलं होतं, ते माझ्या वाट्याला येणारच नव्हतं. त्या सकाळी बोललो असतो तरी मला चहाच मिळाला असता, आणि कदाचित ती आतल्या खोलीतून बाहेर आली असती. हा राग पोलिसांवर आहे, वकिलावर आहे, हसणाऱ्या सभागृहावर आहे. पण सगळ्यांत जास्त कुणावर आहे, ते मला ठाऊक आहे.

स्टँडवर नवरा उभाच होता. मला येताना पाहून दोन पावलं पुढे आला.

"क्या बोला, मास्टरबाबू?"

"चहा पाजला," मी म्हणालो.