मामाच्या कागदांची टोपली

आमच्या मामाच्या कागदपत्रांत आई ज्वारीचं पीठ ठेवते.

हे वाक्य मी एकदा कॉलेजात बोललो, तर सगळ्यांना वाटलं मी काहीतरी चुकीचं बोललो. (चुकतो मी. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे कसं बोलावं हे विचारायला पुढे कोणीच नाही.) पण वाक्य बरोबर आहे. चूक त्याच्या बरीच आधी झाली होती.

उकंडामामा म्हणजे माझ्या आईचा, यमुनाचा मोठा भाऊ, वरवट बकालचा. सार्वजनिक विहिरीवर आमच्या लोकांना पाणी भरू द्यावं, हाटेलात आमच्यासाठी वेगळ्या कपबश्या ठेवू नयेत, यासाठी त्याने उभा जिल्हा पायी तुडवला. तसा कायदा झाला होता, महाराष्ट्राचं नवं राज्यही झालं होतं, फक्त विहिरींना आणि हाटेलांना कोणी कळवलं नव्हतं. ते काम मामाकडे होतं.

कळवायचं म्हणजे पत्र लिहायचं. देऊळघाटला आमच्याकडे मुक्काम असला की तो चुलीजवळ बसायचा. आधी घसा खाकरायचा, "ह्यँऽ", मग ओळ मोठ्याने म्हणायचा, मग ओली केली की जांभळं उमटणारी पेन्सिल जिभेला लावून लिहायचा. त्यामुळे मामाची जीभ बारा महिने जांभूळ खाल्ल्यासारखी. चिखलीच्या एका हाटेलवाल्याला त्याने लिहिलं होतं, "आमच्या कपबश्या बाहेर कोनाड्यात ठेवता, त्या आत घ्या. नाही तर तुमच्या बी बाहेर आना. सारेच उन्हात बसून चहा पिऊ." पक्कं पत्र टपालात जायचं आणि कच्चा कागद त्याच्या पत्र्याच्या पेटीत.

मागच्या पावसाळ्यानंतर मामा वारला. दिवस झाल्यावर मामी ती पेटी घेऊन आमच्याकडे आली.

"याच्यात माह्यासाठी लेहिलेला एक कागद हाय, असं थे म्हनत," ती मला म्हणाली. "मले वाचता येत नाही. दुसऱ्या कोनाले मी दाखवनार नाही. तू शिकून राह्यला, तू वाचून दाखव."

मी म्हणालो, "परीक्षा झाली की."

ती म्हणाली, "हाव. परीक्षा होऊ दे." आणि चार महिने थांबली.

यापुढचं लिहायला मला जड जातं. बुलढाण्याच्या वसतिगृहात इतर मुलांकडे पेट्या होत्या आणि माझ्याकडे पिशवी. म्हणून मामाची पेटी बरोबर न्यायला मी काही दिवसांसाठी रिकामी केली. कागद पोत्यावर ठेवले आणि ते उडू नयेत म्हणून वर माझ्या जुन्या वह्या ठेवल्या. (दूरदृष्टी!) निघायच्या दिवशी मी अर्थशास्त्र वाचत असताना आई म्हणाली, "हे लागते काय रे तुले?"

मी मान वर न करता म्हणालो, "नाही लागत. ने."

आमच्याकडे उन्हाळा लागला की बायका रद्दी भिजत घालतात. तीन दिवसांनी मेथ्या घालून ती उखळात कुटतात आणि तो लगदा पालथ्या घागरीवर थापून, वरून न कुटलेले तुकडे चिकटवून वाळवतात. मग घागर काढून घेतली की टोपली तयार. हलकी असते, आणि मेथीमुळे तिला कीड लागत नाही.

परीक्षा संपवून मी शनिवारी दुपारी घरी आलो. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. वारा पडला होता. अंगणात भिंतीच्या कडेने पाच टोपल्या पालथ्या वाळत होत्या आणि पाचही जांभळ्या होत्या.

मी जवळ गेलो. पहिल्या टोपलीच्या बुडावर एक शब्द होता: "हजर". अक्षर मामाचं. त्या पेन्सिलीला पाणी लागलं की अक्षर जास्तच गडद होतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी ते बोटाने पुसून पाहिलं. दुसरीवर होतं, "ऐका". तिसरीवर अर्धीच ओळ, "ची वाट पाहून". चौथी बघायचा धीर झाला नाही. मेथीचा कडू वास येत होता. मी दोन पावलं मागे सरकलो, तेव्हा वाटलं, पाचही टोपल्या मी काय उत्तर देतो याची वाट बघत आहेत.

"आई, हा रंग कुठून आला?"

"कागदातूनच उतरला," आई आतून म्हणाली. "साजरा दिसते, नाही?"

"आई, ते मामाचे कागद होते."

आई दारात आली. तिचे हात कोपरापर्यंत जांभळे होते. ती त्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तूच तं म्हने, ने."

बाबा बाजेवर पडले होते. ते कूस बदलून म्हणाले, "उकंड्यानं जिता होता तवा कोनाले सुखानं बसू देलं नाही. आता टोपल्यातून बोलून राह्यला. अन् उद्या थे मामी येनार हाय तुही."

"सुखदेव, आयक तं," आई म्हणाली. "मी काय म्हनतो..."

"तू काही बोलू नको," मी म्हणालो. "मी शिकलेला आहे. मी बघतो."

हे वाक्य आठवलं की मला आजही घराबाहेर जाऊन उभं राहावंसं वाटतं.

रविवारी भर दुपारी मामी आली. दोन एसट्या बदलून आली होती. धुतलेलं लुगडं नेसली होती आणि केसांना तेल लावलं होतं. तिने चहा नको म्हटलं, पाणीही नको म्हटलं. भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "वाच बापा."

मी काय करावं? घरात लिहिलेला कोरडा कागद म्हणजे फक्त माझी अर्थशास्त्राची वही. ती मी उघडली आणि रात्रभर मनात जुळवलेलं पत्र वाचू लागलो.

"प्राणप्रिय सौभाग्यवतीस. तुझ्या त्यागाच्या ज्योतीने माझ्या कार्याचा खडतर मार्ग सदैव उजळून निघाला..."

"हे त्याइनं लेहिलं?" मामीने विचारलं.

"हो."

"प्राणप्रिय?"

"हो."

"मले?"

मी पान उलटलं. तिथे मागणी आणि पुरवठ्याचा आलेख होता.

"तीस वर्सात थे मले 'काय व' च्या पुढं काही म्हनले नाही," मामी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "सुखदेवा, त्या कागदात माह्यासाठी काहीच नसन, तं तसं सांग. पन असं नोको करू."

मला खरं सांगायचं होतं. मी तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला.

"ह्यँऽ."

वही माझ्या हातातून पडली. उन्हात अंगण पांढरं झालं होतं, बाबा बाजेवर घोरत होते, आणि आत मामा घसा खाकरत होता.

"ह्यँऽ. आयक व. मी हा कागद तुले लेहून राह्यलो, पन धाडनार नाही. धाडला तं तुले कोनाकडून तरी वाचून घ्या लागन. मंग थो आपल्या दोघाचा राहनार नाही."

मी मान वळवून पाहिलं. चुलीपुढे आई बसली होती, आमच्याकडे पाठ करून. भाकरी थापणारे हात तिचेच होते. आवाज तिचा नव्हता. मामा ओळ संपली की थांबायचा, पेन्सिल जिभेला लावायचा, लिहायचा, तेवढाच वेळ तो आवाजही थांबत होता. त्या थांबण्यात फक्त भाकरीची थापटी ऐकू येत होती.

मामीने डोक्यावर पदर घेतला. मामा घरात आला की घ्यायची, तसा. मग ती भिंतीपासून सरकत सरकत स्वयंपाकघराच्या दाराशी गेली आणि अंग चोरून बसली.

"गावोगाव म्या लोकाले सांगतलं का पानी साऱ्याईचं हाय," आवाज पुढे म्हणाला. "अन् घरी आलो का म्हनो, पानी दे. थे कोन भरते, कितीक दुरून आनते, हे इचाराचं राहून गेलं. एवढे अर्ज लेहिले. पह्यला तुह्याकडे द्या लागत होता."

"मंग काऊन नाही देला?" मामीने त्या पाठीला विचारलं.

थापटी थांबली.

"ह्यँऽ. लाज वाटली."

(हे कागदात होतं की नव्हतं, मला आजही माहीत नाही. आईला विचारलं की ती म्हणते, "भाकर करपन, बाजूले हो.")

"कागदाचा भरोसा नाही," आवाज म्हणाला. "सुखदेव शिकून राह्यला. पोरगं गुनाचं हाय. पन त्याच्या हाती देल्ली वस्तू पुन्हा दिसत नाही. म्हनून हे सारं यमुनीले आयकवून ठेवलं. तिच्यापाशी हरवनार नाही."

आईने भाकरी तव्यावर टाकली, मागे वळली आणि स्वतःच्या आवाजात म्हणाली, "चहा ठेवू काय आता वहिनी?"

"ठेवा," मामी म्हणाली.

मी पडलेली वही उचलली. "आई, तुला हे पाठ होतं?"

"आयकून आयकून झालं. थो लेहे, मी भाकरी करो."

"मग चार महिन्यांत मामीला सांगितलं का नाही?"

"मले कोनी इचारलं?" आई म्हणाली. "तुम्ही सारे म्हने, कागद वाचाचा हाय. मले वाचता येते काय? काल सांगाले लागली, तं तू म्हने, बोलू नको."

मामीने डोळे पुसले आणि चहाची बशी हातात घेतली. "यमुनाबाई, थ्या चिखलीच्या हाटेलवाल्याचं येते काय?"

"येते."

"अन् कलेक्टरचं?"

"दोन्ही येते. पह्यलं बी, अन् थो तापला होता तवाचं बी."

मामीने परतीची एसटी सोडून दिली. मी धावत जाऊन नवी वही आणली, पेन्सिलीला टोक केलं आणि दोघींच्या मध्ये मांडी घालून बसलो. "आई, सांग. मी सगळं लिहून घेतो."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"नोको बापा," मामी म्हणाली. "लेहिलं का थे तुह्या हाती येते."

तेव्हापासून मामी दर महिन्याला येते. दार ओढून घेतलं जातं आणि आत घसा खाकरल्याचा आवाज येतो. मलाही एक काम दिलेलं आहे. मी ओट्यावर बसतो आणि कोणी शिकलेला माणूस आत जाणार नाही, याची काळजी घेतो.